पडलेलं वेचा, झाड झोडू नका

१४ ऑक्टोबर १९८८, शुक्रवार

मर्ल डनवे आज पार्लरच्या दारात आला आणि टोपी हातात धरून, अगदी मऊ आवाजात, माझा बाप खुनी होता असं सांगून गेला. माझे दोन्ही हात साबणात होते म्हणून वाचला. कात्री जवळच होती.

येत्या पंधरा नोव्हेंबरला सिनेटर प्रुइटच्या खुनाला तीस वर्षं होतात. ह्यूस्टनहून टीव्हीवाले येणार आहेत. मर्लच्या शोध समितीने कोर्टाच्या आवारातल्या मोठ्या पेकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळाच्या, झाडाखाली पितळी पाटी लावायचं ठरवलंय. दुसरा बंदूकधारी, हॉलिस टॅकेट, या झाडामागे उभा होता, असं पाटीवर लिहिणार आहेत. हॉलिस टॅकेट म्हणजे माझे बाबा. "तुला पेपरात वाचायला लागू नये, म्हणून आधी कानावर घातलं," म्हणाला. वर उपकार.

सिनेटर नुकताच निवडून आला होता. कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहून गावाचे आभार मानत असताना समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवरून आयरा बीलरने त्याला गोळ्या घातल्या. बीलर बंदुकीसकट सापडला. का मारलं ते न सांगताच तुरुंगात न्यूमोनियाने मेला. त्या एका न सांगण्यावर सॉरेल गावातल्या रिकामटेकड्यांची तीस वर्षं मजेत गेली. गोळ्या तीन की चार (चौथी असेल तर दुसरा बंदूकधारी आलाच), यावरून इथे सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालंय. इथला प्रत्येक पुरुष हरणाच्या शिकारीला जातो, त्यामुळे आपल्या कानाइतका पक्का पुरावा कोर्टातही नाही असं प्रत्येकाला वाटतं.

बाबा मार्चमध्ये गेले. ते होते तोवर मर्ल नुसतं 'झाडामागचा माणूस' म्हणायचा. सगळ्या गावाला कळायचं कोण ते, पण नाव घ्यायची छाती नव्हती. मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून आता पितळेत कोरतोय.

१५ ऑक्टोबर

आईला सांगितलं. ती मक्याच्या पावासाठी पीठ चाळत होती. चाळणी थांबलीसुद्धा नाही. "लावू दे," म्हणाली. "पाटीने काय होतंय."

मी नको तितकं बोलले. बाबांनी लोकांच्या नजरांपायी शिकार सोडली, रायफल विकली. कॅफेत त्यांच्या टेबलाशी कुणी बसत नसे. भिंतीकडे तोंड करून एकटे अंडी खायचे आणि उठून यायचे. आणि त्यांच्या बायकोचं म्हणणं काय, तर पाटीने काय होतंय! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाचं मन बोथट होत असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

विषय बदलावा म्हणून म्हटलं, चर्चच्या विक्रीला यंदा पेकनचा केक कर. तर चाळणी तशीच ठेवून खोलीत निघून गेली. एके काळी पेकनच्या केकात तिचा हात धरणारी बाई या तालुक्यात नव्हती, जत्रेतलं पहिलं बक्षीस ठरलेलं असायचं. मी शाळेत असतानाच तिने तो करणं सोडलं. विचारलं की गुडघे दुखतात म्हणते. केकला गुडघे कशाला लागतात कोण जाणे.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

दर शुक्रवारी दहा वाजता आयडाबेल क्राउच केस धुऊन, रोलर लावून घ्यायला येते. वय एक्याऐंशी. मर्लची मुख्य साक्षीदार हीच. बाबांबद्दल कुजबुज आधीपासून होतीच, पण खुनानंतर तब्बल नऊ वर्षांनी हिला आठवलं, की हॉलिस टॅकेटला झाडामागे काहीतरी लांब घेऊन उभा असलेला पाहिला होता. तेव्हापासून दर नोव्हेंबरला समितीच्या टेबलाशी छातीवर 'साक्षीदार' असा बिल्ला लावून बसते आणि बाहेरगावच्या लोकांबरोबर फोटो काढून घेते. आणि मी तिचे केस करते, कारण गावात पार्लर एकच आहे आणि मला पोट आहे.

आज रोलर जरा जास्तच आवळले गेले.

"कातडं सोलतेस का गं?" ती म्हणाली.

"मिस आयडाबेल, तुम्ही खरंच बंदूक पाहिलीत?" मी विचारलं. आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला, लग्न झालेली असो की विधवा, मिसच म्हणायचं.

"मी बंदूक कधी म्हटलंच नाही. मी म्हटलं लांब. बंदूक मर्ल म्हणाला."

"मग त्याला अडवलं का नाहीत?"

"तो कॉफी आणून देतो, खुर्ची पुढे ओढतो, मी बोलते ते लिहून घेतो. माझा नवरा गेल्यावर माझं बोलणं कुणी लिहून घेतलं होतं?"

"लांब म्हणजे काय लांब होतं मग?"

"ते तुझ्या आईला विचार. लांबी तिला बरोबर माहीत आहे." आणि स्वतःच ड्रायरचं टोपडं डोक्यावर ओढून घेतलं. त्याच्याखाली काही ऐकू येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. यात आईचा काय संबंध? संबंध एवढाच, की आयडाबेलचा आईवर जुना दात आहे. कोर्टाच्या आवारात पेकन खाली पडले की ते ज्याने वेचले त्याचे, ही इथली पूर्वापार रीत. पण झाड झोडलं तर ती गावाची चोरी. त्याला दंड होता, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे चर्चमध्ये नाव वाचून दाखवायचे. अठ्ठावन्न सालच्या त्याच शरद ऋतूत आयडाबेल झाड झोडताना सापडली. विधवा बाई, पेकन विकून घर चालवायची. आई तेव्हा चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष होती. तिने भर सभेत उभं राहून आयडाबेलचं नाव वाचलं, आणि आवारात लाकडी फलक लावून घेतला: पडलेलं वेचा, झाड झोडू नका. आई त्या काळी फार कडक होती.

म्हणजे हा सरळ सूड आहे. मला माझं हत्यार मिळालं.

२८ ऑक्टोबर

वाचनालयात समितीची बैठक होती. मी न बोलावता गेले. म्हटलं, तुम्ही साक्षीदार तोलताय ना, मग आधी वजनं दाखवा. उंदराला मांजर साक्ष, असा कारभार टीव्हीवर नेलात तर सगळं टेक्सास हसेल. ज्याने घटनेनंतर वर्षभरात तोंड उघडलं नाही त्याची साक्ष धरायची नाही. नातेवाइकाची नाही, आणि ज्याचा कुणावर राग आहे त्याचीही नाही. ज्याने एकदा सांगितलेलं फिरवलं, तो कितीही म्हातारा आणि देवभक्त असो, बाद.

मर्लचे डोळे चमकले. त्याला नियम फार आवडतात. जन्मभर विमे विकलेत. "पोरी, तू आधीच समितीत यायला हवी होतीस," म्हणाला. सगळ्यांनी हात वर केले. आयडाबेल बिल्ला लावून समोरच बसली होती. तिनेही हात वर केला, का ते देव जाणे.

घरी येताना मी गाडीत चक्क गात होते. आईला सगळं रंगवून सांगितलं. ती ताट पुढ्यात घेऊन ऐकत होती.

"नातेवाईक म्हणजे बायकोसुद्धा?" तिने विचारलं.

"सगळ्यांत आधी बायको."

"आणि उशिरा बोललेलं माणूस खरं बोलत असलं तर?"

"खरं बोलायचं होतं तर तेव्हाच बोलायचं. इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून कशाला बसायचं?"

तिने ताट बाजूला सारलं. कोंबडीचा तुकडा तसाच राहिला. हल्ली तिचं जेवण फार कमी झालंय, डॉक्टरला दाखवायला हवं.

५ नोव्हेंबर

सत्यानाश होवो मर्लचा.

आयडाबेल बाद झाली, तर याने आणखी दोन साक्षी काढल्या, आणि त्या माझ्या नियमांत बसतात. पहिली एका फिरत्या विक्रेत्याची. त्याने खुनाच्या दिवशीच पोलिसांना सांगितलं होतं, की झाडामागून एक उंच माणूस, तपकिरी हॅट, कोटात गुंडाळलेलं लांब काहीतरी काखेत धरून गल्लीकडे भराभर चालत गेला. हा विक्रेता गावचा नाही, नात्याचा नाही, कुणावर राग नाही. साक्ष कधी फिरवली नाही. फिरवणार कशी? त्या दिवसानंतर तो कुणाला दिसलाच नाही. ज्याला गावात कोणीही ओळखत नाही, तोच सगळ्यांत खरा.

दुसरी साक्ष बाबांची. तीही त्याच दिवसाची. 'मी झाडापाशी होतो. माझे हात रिकामे होते.'

मला बाबांनी कायम सांगितलं, मी गर्दीत मागे होतो. झाडापाशी होतो, असं कधीच नाही. मर्ल म्हणाला, दोघांपैकी एक खोटं बोलतोय आणि तुझ्या नियमाने खोटं बोलणारा तुझा बाप निघतो. त्याच्या आवाजात कीव होती. तिचा मला जास्त राग आला.

आईला विचारलं, बाबांच्या हातात काय होतं?

"कोट," ती म्हणाली.

"अंगात का नव्हता?"

"उकडत होतं."

नोव्हेंबरात? त्या दिवशी उत्तरेचा वारा इतका बोचरा होता की शाळेच्या बँडमध्ये आमची बोटं वाजवता वाजवता बधिर झाली होती. आईची आठवण आता अजिबात भरवशाची राहिली नाही.

८ नोव्हेंबर

मतदान. मर्ल मतदान केंद्राच्या टेबलावर बसला होता. मी त्याच्या हातून पत्रिका घेतली नाही, शेजारच्या बाईकडून घेतली.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षर वेडंवाकडं येईल, येऊ दे.

आज समितीची शेवटची बैठक. आई सकाळीच म्हणाली, मला पण ने. चर्चचा निळा पोशाख घातला होता. मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेऊन चार शब्द बोलेल, लोकांना जरा लाज वाटेल. मी खूश होते.

मर्लने पाटीचा मजकूर वाचून दाखवला. आई उठून उभी राहिली आणि आयडाबेलचं नाव वाचलं त्या दिवशीसारखी, महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईसारखी, सरळ मान करून बोलली.

"झाडामागे मी होते. सगळं गाव पायऱ्यांपुढे जमलेलं, मागे चिटपाखरू नव्हतं. सोमवारी चर्चची जत्रा होती आणि वरच्या फांदीला पेकन लगडले होते. मी हॉलिसचा मासे धरायचा बांबू आणला होता. दोन फटके मारले, तेवढ्यात गोळ्या ऐकू आल्या. मला वाटलं, शेरीफने मला पाहिलं. हॉलिस मला शोधत धावत आला. त्याने बांबू गुडघ्यावर मोडला, अर्धा गटारात टाकला, अर्धा अंगातल्या कोटात गुंडाळला. मला म्हणाला, घरी जा, सरळ चाल, मागे बघू नको. पोलिसांना सांगितलं, हात रिकामे होते. मीच फलक लावला होता ना. मीच आयडाबेलचं नाव वाचलं होतं."

आईने पर्स दुसऱ्या हातात घेतली.

"तेव्हा ही गोष्ट एवढीशी होती. पुढे तुम्ही ती मोठी केलीत. मी दरवर्षी म्हणायचे, सांगून टाकते. तो म्हणायचा, आता कोण मानणार, झाकली मूठ राहू दे."

मर्लने चष्मा काढला. त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं, हे लिहायलाच हवं. तो म्हणाला, "मिस व्हेस्टा, तुम्ही त्याच्या पत्नी आहात. तीस वर्षांनी बोलताय. आणि खुनाच्या आठवड्यात तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं की तुम्ही घरी होता. तुमच्यावर विश्वास ठेवला, तर आजवर ज्यांना दाराबाहेर काढलं त्या सगळ्यांवर ठेवावा लागेल." मग माझ्याकडे वळला. "नियम वायनेलचे आहेत. चांगले आहेत. मी ते मोडू शकत नाही."

तेवढ्यात मागून आयडाबेलचा आवाज आला. "व्हेस्टा खरं बोलतेय. बांबूच होता. झोडताना मी पाहिली तिला."

मी तिच्या अंगावर धावूनच गेले असते. कुणीतरी दंड धरला. म्हटलं, मग एकवीस वर्षं 'लांब, लांब' काय करत होतात? बांबू म्हणायला जीभ झडत होती?

"बांबू म्हटलं असतं तर हिचं नाव चर्चमध्ये एकदा वाचलं गेलं असतं," आयडाबेल म्हणाली. "माझं वाचलं तसं. एकदा. ते मला पुरेसं वाटलं नाही."

मर्लने तिलाही नम्रपणे सांगितलं की तुम्ही आधीच बाद आहात, आणि आता तर साक्षही फिरवलीत. मतदान झालं. पाटी राहिली. त्या खोलीत खरं काय ते ठाऊक असलेल्या दोनच बाया होत्या आणि दोघींना बाहेर काढायची सोय मी करून ठेवली होती.

गाडीत मी आईला नाही नाही ते बोलले. केकसाठी! मूठभर पेकनसाठी बाबा भिंतीकडे तोंड करून जेवले, आणि ही घरी समोर बसून त्यांना कॉफी ओतत होती. बोलायचं होतं तर ते जिवंत असताना एकदा कॅफेच्या मधोमध उभं राहून बोलायचं. लोकांनी मानलं नसतं, पण बाबांनी ऐकलं तरी असतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. घर आल्यावर एवढंच म्हणाली, "टीव्हीवाले किती वाजता येतात?"

१३ नोव्हेंबर, रविवार

चर्चला गेले नाही. आई एकटीच चालत गेली. तिच्याशी बोलत नाही. जेवण टेबलावर ठेवते आणि माझ्या खोलीत जाते. बाबांचाही राग येतोय, आणि मेलेल्या माणसावर राग काढायला जागा नसते. कुठला मोठेपणा हा? मला तरी सांगायचं. त्यांच्या नावासाठी मी शाळेत मारामाऱ्या केल्या, त्या निदान खरं काय ते माहीत असून केल्या असत्या.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

पार्लर बंद ठेवलं. जाणार नव्हते. दहाच्या सुमारास खिडकीतून पाहिलं तर आई रस्त्याने चालली होती. खांद्यावर लांब बांबू. नवाकोरा, दुकानाची चिठ्ठी अजून टोकाला लटकत होती. मी चपलांवरच मागे धावले.

आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. झाडाखाली पाटीवर निळं कापड. मर्ल माइकपाशी, पुढे कॅमेरा. त्याने कापड ओढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आई त्याच्या पाठीमागून येऊन झाडाखाली उभी राहिली आणि तिने फांदीवर पहिला फटका मारला.

पेकन गारांसारखे पडले. मर्लच्या डोक्यावर, खुर्च्यांवर, पितळेवर टणाटण. पुढच्या रांगेतल्या बाया पर्सा डोक्यावर धरून उठल्या. आई झोडतच राहिली. तिचे हात खांद्यांच्या वर नीट जात नाहीत, केस मीच विंचरते तिचे. कुठून बळ आलं कोण जाणे.

शेरीफचा डेप्युटी धावत आला. माझ्याबरोबरचाच, शाळेत एका वर्गात होतो. त्याने हळूच बांबूला हात लावला.

"मिस व्हेस्टा, पुरे आता. चला, घरी सोडतो."

"मी झाड झोडलं," आई म्हणाली. दम लागला होता पण आवाज मोठा होता, माइकमध्ये गेला. "सगळ्यांनी पाहिलं. दंड लिही. नाव वाचून दाखव."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "कशाचा दंड लिहू? तो नियम सत्तरच्या आसपासच रद्द झाला. फलकसुद्धा कुजून पडला. आता नगरपालिकाच दर डिसेंबरला माणूस लावून झोडून घेते. तुम्हाला हवेत तेवढे न्या."

"आत्ताचा नको. अठ्ठावन्न सालचा लिही."

त्याने बांबूवरचा हात काढला. कॅमेरावाल्याने कॅमेरा फिरवून पुन्हा पाटीवर नेला, आणि मर्लला म्हणाला, आवाज खराब झाला, ते वाक्य परत घेऊ.

आई तशीच उभी होती. रद्द झाला, हे तिला माहीत नव्हतं. बाबांनाही नसणार. त्या दिवसानंतर दोघांनी या आवारात पाऊल ठेवलं नव्हतं. आईच्या ज्या नावासाठी माझा बाप अख्खा जन्म खुनी म्हणून वावरला, ते वाचून दाखवायला आता चर्चमध्ये कुणी उरलेलं नाही.

खाली पाहिलं तर आयडाबेल क्राउच वाकून पेकन वेचत होती. शुक्रवारी मी लावलेल्या रोलरांचे कुरळे केस कपाळावर आले होते. छातीवर बिल्ला नव्हता. पर्स भरली तशी तिने झग्याचा ओचा पसरला आणि वर न बघता म्हणाली, "व्हेस्टा, वरच्या फांदीचे गोड असतात."

आईने बांबू उचलायचा प्रयत्न केला. हात वर जाईना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याशी चार दिवस बोलले नव्हते, आत्ताही बोलले नाही. बांबू तिच्या हातातून घेतला. बाबांच्या नावाच्या बरोबर वरच्या फांदीला अजून पुष्कळ लगडले होते. मर्ल माइकमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. मी झोडायला लागले.